कण घेण्याआधी

मागच्या अंकात अकोट्याच्या जैन कांस्यमूर्तींबद्दल लिहिलं होतं. १९५१ मध्ये आपल्याच बडोद्याच्या अकोटा भागात सापडलेल्या आणि आता कमाटी बागेतल्या संग्रहालयात असलेल्या त्या मूर्ती. लिहिता लिहिता मी म्हटलं होतं की मूर्तीचा धातू नेमका कोणता हे कळायला काही मिलिग्रॅम चुरा पुरतो. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. कोणी तो चुरा घरच्या देवातून काढायला निघालंय, तर कोणी चुरा काढणाऱ्यांवरच चिडलंय. म्हणून या वेळचं सगळं सदर या एकाच विषयाला देते.

प्रश्न : आमच्या देवघरात खंडोबाचा टाक आणि पितळेची अन्नपूर्णा आहे. गायकवाडांबरोबर आलेल्या आमच्या पूर्वजांनी त्या आणल्या असं आजोबा सांगत. नातू इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, अन्नपूर्णेच्या मागच्या बाजूने थोडा धातू कापून कार्बन डेटिंगला पाठवू, म्हणजे वर्ष कळेल. पाठवावा का? (एक वाचक, दांडिया बाजार)

नका पाठवू. नातवाची जिज्ञासा मोलाची आहे, म्हणून त्याला कारणासकट सांगा.

कार्बन पद्धत चालते ती एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूवर : लाकूड, धान्य, हाड, कापूस, ताग. जीव जगत असताना हवेतला किंवा अन्नातला कार्बन घेत राहतो. तो मेला की त्यातला कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन घटत जातो आणि ५७३० वर्षांत निम्मा होतो. पितळ कधीच जिवंत नव्हतं. मूर्तीच्या खाचांत जो कार्बन सापडेल तो तेलाचा, उदबत्तीच्या काजळीचा आणि परवाच्या अष्टगंधाचा असेल. त्यावरून तुमच्या सुनेने देवपूजा नेमाने केली एवढंच सिद्ध होईल.

मग प्रयोगशाळा पितळेबद्दल काय सांगू शकते? तांबं किती, जस्त किती, शिसं किती, एवढं. त्यासाठी हातात धरायचं क्ष-किरणांचं यंत्र मिळतं, त्याने कापाकापी करावी लागत नाही. पण ते यंत्र पृष्ठभागाच्या अगदी वरच्या पापुद्र्यापुरतंच वाचतं. पिढ्यान् पिढ्या चिंचेने घासलेल्या पितळेच्या पृष्ठभागावरून जस्त आधी निघून जातं, त्यामुळे यंत्राने दाखवलेला आकडा आतल्या धातूचा नसतो. आतला हवा तर भोक पाडावं लागेल. ते पाडूनही हाती वर्ष येणार नाही, कारण आपल्याकडे जस्त गाळण्याची विद्या कित्येक शतकांची आहे आणि तेवढ्या काळात ओतलेलं पितळ नुसत्या आकड्यांवरून वेगवेगळ्या पिढ्यांत वाटता येत नाही. थोडक्यात, ज्या प्रश्नासाठी देवीला भोक पाडायचं त्याचं उत्तर त्या भोकात नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात आली ती लिहिते. मराठी घरात अन्नपूर्णा येते ती बहुधा नव्या सुनेच्या माहेरून. तेव्हा तुमचा टाक पूर्वजांचा असेलही, पण अन्नपूर्णा कदाचित कुणा पणजीबरोबर इंदूरहून नाहीतर साताऱ्याहून आलेली असेल. याचा माग प्रयोगशाळेत लागत नाही, तो लग्नाच्या याद्यांत लागतो. घरात मोडी कागदांचं दप्तर असेल तर ते आधी कोणाकडून तरी वाचून घ्या. मूर्तीचं वजन करा, उंची मोजा, चारही बाजूंनी आणि तळाचा फोटो काढा. घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईंना तिची हकीकत विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. शंभर वर्षांहून जुनी धातुमूर्ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, म्हणून हे कागद नोंदणीलाही उपयोगी पडतील. आणि पुढेमागे कधी खरंच नमुना घ्यायची वेळ आली, तर देव एकट्या नातवाचा नाही, भाऊबंदांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

प्रश्न : मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे. उत्खननात मी खापरं धुऊन प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली म्हणून सर फार रागावले. धुतल्याशिवाय खापरांची प्रतवारी कशी करायची? आणि परीक्षणासाठी किती खापरं मागावीत? (सयाजीगंज)

खापरं धुवावीच लागतात, सगळी धुवायची नसतात एवढंच. सरांचा राग त्यावर असणार.

बिनझिलईच्या मातीच्या भांड्यात शिजवलं की तूप, दूध, चरबी भिंतीत मुरते आणि हजारो वर्षं तिथे राहू शकते. कच्छमधल्या कोटडा भाडलीच्या, चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या वस्तीतली ५९ खापरं अशी तपासली गेली आणि त्यांतल्या काहींमध्ये दुधाच्या स्निग्धांशाचा पुरावा मिळाला. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हडप्पाकालीन गुजरातेत दुधदुभतं होतं हे हाडांवरून अंदाजाने म्हणत होतो, ते आता भांड्याच्या पोटातून कळलं. पामिटिक आणि स्टिअरिक या दोन मेदाम्लांतल्या कार्बनच्या समस्थानिकांचं (म्हणजे जड-हलक्या अणूंचं) प्रमाण पाहून दुधाची चरबी आणि मांसाची चरबी वेगळी ओळखता येते, त्यावर हे सगळं उभं आहे.

आता तुमच्या हाताकडे या. नळाखाली ब्रशने घासलं की पृष्ठभागावरचं जळकं अन्न गेलं. प्लास्टिकच्या पिशवीतली रसायनं खापरात उतरतात आणि पुढे यंत्राच्या आलेखावर त्यांचीच शिखरं डोकं वर काढतात. बोटांचं तेल, हँडक्रीम, उन्हात लावलेलं सनस्क्रीन, सगळं त्यात मिसळतं. म्हणून ज्या थरातून असे नमुने घ्यायचे ठरलंय तिथली खापरं हातमोजे घालून उचलायची, माती तशीच ठेवायची, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायची, वर खड्डा, थर आणि तारीख लिहायची. त्याच जागची मूठभर माती वेगळी घ्यायची, कारण खापरात सापडलेलं स्निग्ध त्या मातीतून आलेलं नाही हे दाखवायला तीच लागते. ही मूठभर माती न्यायला विद्यार्थी हमखास विसरतात, आणि तिच्यावाचून पुढचं सगळं परीक्षण लटकं पडतं.

भांड्याचा कोणता भाग घ्यावा यावरून नेहमी भांडण होतं. पाणी घालून उकळलेल्या भांड्यात चरबी वर तरंगते, म्हणून ती तळापेक्षा काठाजवळ जास्त मुरते. पण भांड्याचा काठ हीच त्याची ओळख. आकार, काळ, घराणं सगळं काठावरून ठरतं, आणि रसायनवाल्याला दिलेला तुकडा दळला जातो, परत येत नाही. मी माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला एकच सांगत आले : आधी काठाचं रेखाचित्र आणि फोटो, मग काठाच्या खालून खांद्याचा तुकडा, आणि जोडणारा तुकडा राखून ठेवायचा. दोनएक ग्रॅम भुकटी पुरते. अख्खं खापर देण्याचं कारण नसतं.

किती मागावीत, याचं उत्तर पदार्थावर आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात एकसारखा शिजलेला असतो. खापरांचं तसं नाही. एका वस्तीत चार कुंभारांची माती, स्वयंपाकाची हंडी, पाण्याचा माठ, धान्याची कोठी, सगळं एकाच ढिगात येतं. म्हणून आधी गट पाडा. गुजरातेतली अभ्रकमिश्रित लाल भांडी एक गट, जाड काळी-करडी दुसरा. मग प्रत्येक गटातून थोडी. नुसती सुबक नक्षीची खापरं निवडलीत तर तुमच्या प्रबंधात सणासुदीची भांडी येतील, रोजचा स्वयंपाक येणार नाही.

ज्यांना खापराच्या मातीचा उगम शोधायचा आहे त्यांच्यासाठी पातळ काप असतो : चिंचोका मावेल एवढा तुकडा काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासायचा. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो फिरवला की करड्या मातीत अभ्रकाचे पापुद्रे गुलाबी-हिरव्या रंगांनी उजळतात. मला इतक्या वर्षांनीही त्यापासून डोळा काढवत नाही. आणि हा काप टिकतो. पन्नास वर्षांनी कोणीही तो पेटीतून काढून पुन्हा पाहू शकेल. दोन पद्धती सारखंच उत्तर देणार असतील तर ज्यात नमुना शिल्लक राहतो ती निवडावी.

जिथे मुबलक आहे तिथे मात्र हात आखडू नका. उदयपूरजवळ जावरला जस्ताच्या जुन्या भट्ट्या आहेत. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे प्रा. के. टी. एम. हेगडे, ब्रिटिश म्युझियमचे पॉल क्रॅडॉक आणि हिंदुस्थान झिंक यांनी १९८०च्या दशकात तिथे मिळून काम केलं. एकेका भट्टीत ३६ मुशी, म्हणजे धातू गाळायची मातीची भांडी, उलट्या बसवलेल्या निघाल्या, लांबट वांग्याच्या आकाराच्या. धातुविद्येवरच्या संस्कृत रसग्रंथांतली वृंताक मूषा, म्हणजे वांग्यासारखी मूस, ती हीच. वापरून फेकलेल्या अशा मुशींचे तिथे ढीगच्या ढीग पडलेले आहेत, घरांच्या भिंतींतही त्या बसवल्या आहेत. तिथे दहा मुशी कापल्या तरी पुढच्या संशोधकाचं काही हिरावलं जात नाही. एकुलत्या एक मूर्तीचा हिशेब वेगळा.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत की कांस्यमूर्तीतून चुरा काढतात. ज्या मूर्तीची कधीकाळी पूजा झाली तिला ड्रिल लावणं मला सहन होत नाही. संग्रहालयांनी अशी परवानगीच देऊ नये. (एक ज्येष्ठ वाचक, मांजलपूर)

तुमचं दुखणं मला कळतं. मी स्वतः हे काम केलं आहे आणि प्रत्येक वेळी मूर्ती उलटी करताना माझे हात जड झाले आहेत. पण सरसकट बंदी मला मान्य नाही. कसं करतात ते सांगते, मग तुम्ही ठरवा.

मूर्ती मऊ फोमवर आडवी ठेवतात. जागा शोधायची ती पीठाच्या, म्हणजे बैठकीच्या, खालची, नाहीतर आधीच तुटलेल्या कडेची. चेहरा, हात, लेख यांच्या आसपास नाही. सुई काय ती, एक मिलिमीटरहून बारीक. फिरवायची अगदी सावकाश, कारण धातू तापला तर तो बदलतो. पहिला चुरा हिरवट-तपकिरी येतो, तो गंजाचा, तो टाकायचा. सुई पुसायची. मग बटर पेपरवर चकचकीत पिवळसर किस पडायला लागतो, हा खरा धातू. वीसेक मिलिग्रॅम झाला की थांबायचं. चिमटीत धरला तर जाणवणारही नाही एवढा तो असतो. तो काचेच्या कुपीत, कुपीवर मूर्तीचा क्रमांक, आणि भोक रंग जुळवलेल्या मेणाने बंद. फोटो आधीचा, नंतरचा.

हे केव्हा करायचं? जेव्हा प्रश्न ठरलेला असतो आणि दुसऱ्या मार्गाने तो सुटत नाही. शिशाची समस्थानिकं पाहून धातू कोणत्या खाणीचा असावा हे शोधता येतं, ते पृष्ठभागावरून नाही कळत. उलट, पावसाळ्यात बडोद्याच्या दमट हवेत कांस्यावर फिकट हिरवी भुकटी फुटते. ती क्लोराइडमुळे होते, मूर्तीला आतून खात जाते आणि वेळेत ओळखावी लागते. तिच्यासाठी ड्रिलची गरज नाही. जी भुकटी आपोआप खाली पडली आहे तीच गोळा करून तपासायची. संग्रहालयातल्या कपाटाच्या तळाशी झाडूने गोळा होणारी धूळसुद्धा कधी कधी नमुना असते, आणि ती रोज केराच्या टोपलीत जाते.

माझा खरा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. एका संग्रहालयात, नाव लिहीत नाही, एका छोट्या तीर्थंकरमूर्तीच्या पीठाखाली मला तीन भोकं दिसली. वेगवेगळ्या जाडीची, म्हणजे तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगवेगळ्या हातांनी पाडलेली. नोंदवहीत एकाचाही उल्लेख नाही. कोणी काढलं, काय निघालं, उरलेला चुरा कुठे आहे, काहीच नाही. पहिल्याने निकाल आणि उरलेली कुपी मूर्तीजवळ ठेवली असती तर दुसरं आणि तिसरं भोक पडलंच नसतं. परवानगीच देऊ नका असं तुम्ही म्हणता. मी म्हणते, परवानगीच्या कागदावर तीन अटी घाला : निकाल इतक्या मुदतीत संग्रहालयाला द्यायचा, उरलेला नमुना परत करायचा, आणि निकाल काहीच लागला नाही तरी तेही लिहून द्यायचं. या अटी पाळणाऱ्याच्या हातात सुई द्यायला मी घाबरणार नाही.

प्रश्न : आम्ही शाळेतून कमाटी बागेतल्या म्युझियमला गेलो. तिथे इजिप्तची ममी आहे. तिच्या कापडाचा तुकडा कापला तर ती किती जुनी ते कळेल ना? मग कापत का नाहीत? (सातवीतला विद्यार्थी, रावपुरा)

बाळा, तुझा प्रश्न थेट मुद्द्यावर आला. कळू शकेल. ममीचं कापड जवसाच्या धाग्याचं असतं, आणि ते पीक एका हंगामात वाढतं. म्हणून त्याचं वय कापड विणल्याच्या वयाच्या जवळ येतं. मोठ्या झाडाचं लाकूड घेतलं तर ते झाड आधीच शे-दोनशे वर्षांचं असू शकतं आणि उत्तर चुकतं. आजच्या यंत्राला कापडाचा एवढासा धागा पुरतो, पूर्वी ग्रॅमनं लागायचं.

पण काही ममींना डांबरासारखा पदार्थ चोपडलेला असे. तो जमिनीतल्या खनिज तेलाचा भाऊ, लाखो वर्षांपूर्वी मेलेला कार्बन. तो नीट काढला नाही तर ममी आहे त्याहून कितीतरी जुनी दिसेल. शिवाय एकाच कोपऱ्यातून कापलं तर तो कोपरा नंतर ठिगळ लावलेला निघू शकतो. इटलीतल्या ट्यूरिनच्या प्रसिद्ध, येशूचं मानल्या जाणाऱ्या कफनाचं कापड १९८८ मध्ये एकाच कोपऱ्यातून घेऊन तीन प्रयोगशाळांना दिलं. तिघींनी मध्ययुग सांगितलं, १२६० ते १३९०. तरी 'कोपरा बरोबर होता का' हा वाद अजून चालूच आहे.

आणि ममी ही वस्तू नाही, ते माणूस आहे. लंडनमध्ये १८३०च्या दशकात टॉमस पेटिग्रू नावाचे डॉक्टर लोकांसमोर ममी सोडून दाखवायचे, तिकीट लावून. सोडलेली पट्टी पुन्हा तशी गुंडाळता येत नाही. आता सीटी स्कॅनने कापडाला हात न लावता हाडं, दात, ताईत सगळं दिसतं. पुढच्या वेळी गेलास की काचेतून पायाच्या बाजूच्या पट्ट्यांची वीण बघ, आणि तिथे हळू बोल.

प्रश्न : सांगाड्यांच्या डीएनएसाठी कानामागचं हाड सगळ्यांचंच काढून घ्यावं असं आम्हाला सांगण्यात आलं. ठीक आहे का? (संशोधक विद्यार्थी, फतेहगंज)

सगळ्यांचंच का? आतल्या कानाभोवतीच्या त्या दगडासारख्या हाडात डीएनए सर्वांत चांगला टिकतो, हे खरं. पण आपल्याकडच्या उष्णतेत तोही फार वेळा टिकत नाही. हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीच्या कामात, जे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं, ६१ नमुने तपासले गेले आणि उपयोगी जनुकं मिळाली ती एका व्यक्तीची. त्या एका स्त्रीने खूप काही सांगितलं. पण बाकीच्या साठांचा विचार करा.

आधी हाडातलं प्रथिन टिकलंय का हे नायट्रोजनच्या प्रमाणावरून अगदी थोड्या भुकटीत कळतं. तिथेच 'नाही' आलं तर कानाला हात लावू नका. 'हो' आलं तर सीटी स्कॅन करा, माप घ्या, आणि एकाच बाजूचं घ्या, दुसरी पुढच्यासाठी ठेवा. कानातली छोटी हाडं किंवा दाताच्या मुळाचा बाहेरचा थरही चालतो का ते पाहा. ३१ देशांतल्या साठाहून अधिक संशोधकांनी २०२१ मध्ये पाच सूत्रं मांडली आहेत : स्थानिक नियम पाळा, आधी आराखडा लिहा, नुकसान कमीत कमी ठेवा, माहिती सगळ्यांना तपासता येईल अशी खुली ठेवा, आणि त्या माणसांशी नातं सांगणाऱ्यांशी बोला. पाचवं आपल्याकडे सर्वांत कमी पाळलं जातं. गावातून सांगाडा निघतो, गाडीत चढतो, आणि गावाला निकाल वर्तमानपत्रातून कळतो. गावच्या सरपंचाला आणि ज्याच्या शेतातून तो निघाला त्याला आधी सांगा, काय करणार ते, आणि का. परदेशी पाठवायचा असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीशिवाय एक दातही जाऊ देऊ नका. कार्बनसाठी आपल्याकडे अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आहे, लखनौची बिरबल साहनी संस्था आहे.

प्रश्न : सावली तालुक्यात आमची जमीन आहे. शेततळं खणताना खापरं, कोळसा आणि एक तांब्याची बांगडी निघाली. मुलगा म्हणतो धुऊन शोकेसमध्ये ठेवू. काय करावं? (एक शेतकरी वाचक)

खणणं थांबवा. निघालेल्या वस्तू धुऊ नका, बांगडीला लिंबू-चिंच लावू नका. कोळसा हाताने चुरडू नका, सावलीत वाळवून फॉइलमध्ये ठेवा, कापसात नाही. कोळशाजवळ जळकं धान्य दिसलं तर ते आधी जपा. त्याने काळ जास्त नेमका ठरतो. खड्ड्याच्या भिंतीचा फोनने फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा फावडं ठेवून, आणि वस्तू किती हात खोलीवर निघाल्या ते लिहा.

जमिनीतून निघालेल्या दहा रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तूची लेखी खबर कलेक्टरांना द्यायची असा १८७८ चा कायदा आहे. तुमच्याकडे मामलतदार कचेरीत अर्ज द्या, पोच घ्या, आणि अर्जाची एक प्रत महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला पाठवा. तोवर शेततळं त्याच शेतात दुसरीकडे खणता आलं तर खणा, आणि हा खड्डा ताडपत्रीने झाकून ठेवा. पाऊस तोंडावर आहे.